मावळ्याचा चेहरा

धुळ्याकडून नागपूरला निघालेली गाडी मलकापूर ओलांडून नांदुऱ्यात आली, की खिडकीजवळ न बसलेल्यांच्याही माना बाहेर वळतात. महामार्गालगत उभा असलेला १०५ फुटांचा हनुमान न बघता पुढे जाणारा प्रवासी विरळाच. या मूर्तीशी एक गंमतशीर हिशेब करता येतो. माणूस साडेपाच फुटांचा धरला, तर हा मारुती त्याच्या एकोणीस पट. म्हणजे मूर्तीपासून सुमारे अडतीस मीटरांवर उभे राहिले, की तो दोन मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसणार. प्रमाणाच्या हिशेबाने त्याचा एकेक डोळाच दोन फुटांच्या घरात जाईल.

आता हाच हिशेब उलटा करू. टेबलावर मांडून खेळायच्या लढायांचा एक छंद जगभर आहे. त्यातला सैनिक बहुधा २८ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्शाचा असतो. तो हातात धरून साठ सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरा माणूस छत्तीस मीटरांवरून पाहणे. छत्तीस मीटरांवरच्या माणसाच्या डोळ्यांतले पांढरे आपल्याला दिसते का? जेमतेमच. भुवयांखालची सावली, नाकाचा उंचवटा, मिशीची रेघ एवढ्यावर आपण माणूस ओळखतो. या इवल्या बाहुलीच्या चेहऱ्यावर डोळा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा भरतो, आणि तरीही लोक त्यात बुबुळ रंगवतात! छोटा चेहरा खरा वाटावा म्हणून रंगवणाऱ्याला थोडे खोटे बोलावेच लागते.

हा छंद वाटतो तितका नवा नाही. ब्रिटनमध्ये विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ साली शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली आणि शिपाई स्वस्त झाले. विज्ञानकथांमुळे आपल्याला माहीत असलेल्या एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे अशा लढायांच्या नियमांचे पुस्तक लिहिले. त्याच्या खेळात स्प्रिंगची तोफ खरोखर गोळी उडवून समोरचे शिपाई आडवे करी. १९७५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘गेम्स वर्कशॉप’ने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आणला आणि १९८७ पासून ‘गोल्डन डेमन’ ही बाहुल्या रंगवण्याची स्पर्धा भरवायला घेतली. तिथे खेळ कोण जिंकला याला काही महत्त्व नसते. परीक्षक रंगकाम बारकाईने बघतात.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. दिवाळीत अंगणात दगड-माती रचून, वर पोते टाकून, चिखलाचा हात फिरवून आणि अळीव-मोहरी पेरून जो किल्ला उभा राहतो, त्यावर आपण दुसरे काय मांडतो? पुण्यात कसबा पेठेच्या कुंभारवाड्यापासून नागपूरच्या बाजारापर्यंत मातीचे आणि प्लास्टरचे मावळे विकायला येतात. तोफ, भालदार, घोडेस्वार, गुहेतला वाघ, सिंहासनावरचे महाराज. महाराष्ट्रातल्या अकरा आणि तमिळनाडूतल्या जिंजी अशा बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यामुळे दिवाळीतल्या किल्ल्यांनाही पुन्हा तेज आले आहे. बुरूज, चोरवाटा, टाकी यांवर मुले जीव ओततात. मावळे मात्र जसे विकत मिळाले तसे उभे राहतात. गुलाबी गाल, गोल वटारलेले डोळे, एकाच साच्यातल्या मिशा. राजगडाची संजीवनी माची हुबेहूब, आणि तिच्यावर पहारा देणारा शिपाई भूत दिसल्यासारखा चकित.

हा चकित भाव येतो कुठून? पांढऱ्या ठिपक्याच्या मधोमध काळा ठिपका दिला, की बुबुळाभोवती चारही बाजूंनी पांढरे उरते. खऱ्या माणसाचे डोळे असे दिसतात ते फक्त भीतीने किंवा धक्क्याने. एरवी बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली असतो आणि खालची कडाही बहुधा खालच्या पापणीला टेकते. म्हणून जाणकार रंगारी ठिपका देत नाही, वरपासून खालपर्यंत छोटी उभी रेघ ओढतो. त्याआधी डोळ्याची सगळी खाच गडद तपकिरी करून घेतो आणि तिच्यात पांढऱ्याची बारीक आडवी रेघ भरतो, म्हणजे कडेला उरलेला गडद रंग पापणीचे काम करतो. ते पांढरेही शुभ्र नसते, त्यात किंचित पिवळसर किंवा गुलाबी असते. शुभ्र पांढरा चेहऱ्यातून बाहेर उडी मारतो. दोन्ही बुबुळे थोडी एका बाजूला वळवली, तर तिरळेपणाचा धोका कमी होतो आणि शिपाई कुठेतरी पाहत असल्याचा भासही होतो.

डोळ्यांइतकेच काम सावलीचे. खऱ्या चेहऱ्यावर सूर्य वरून पडतो आणि सावल्या आपोआप तयार होतात. अंगठ्याएवढ्या बाहुलीवरचे नाक इतके बुटके असते, की त्याची सावली नजरेला दिसतच नाही. ती रंगाने टाकावी लागते. आधी सगळ्या बाहुलीला काळे अस्तर द्यायचे आणि मग फक्त वरून पांढरा फवारा मारायचा, ही त्याची सोपी युक्ती. कपाळ, नाकाचा शेंडा, गालांचे उंचवटे पांढरे होतात, हनुवटीखाली काळे राहते. उजेड कुठे पडणार याचा नकाशाच मिळतो. त्यावर त्वचेचा पातळ हात, मग खाचांत जाऊन बसेल असा पाण्यासारखा गडद रंग, आणि शेवटी उंचवट्यांवर पुन्हा उजळ छटा. जवळून पाहिले तर हा चेहरा नाटकातल्या मेकअपइतका भडक दिसतो. हातभर लांब धरला की माणसात येतो.

खरी कसोटी त्वचेच्या रंगाची, आणि इथे आपले बाजारातले मावळे सपशेल नापास होतात. परदेशी संचांमधल्या कातडीच्या छटा पूर्वी मुख्यतः गोऱ्या माणसाच्या असत, त्यांचे वळण समजू शकते. पण सह्याद्रीत उन्हातान्हात घोडदौड करणाऱ्या, नाहीतर सिंदखेडराजाच्या, म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या, रखरखीत माळावर वाढलेल्या माणसाला गुलाबी कशाला करायचे? सावळी कातडी रंगवण्याची रीत वेगळी आहे. तिला उजळायला पांढरा मिसळला, की तोंडावर राख फासल्यासारखे दिसते. त्याऐवजी गेरू, पिवळी माती, थोडा नारिंगी घ्यायचा, आणि सावलीत जांभळट तपकिरी. कपाळाकडे पिवळसरपणा, नाक-गाल-कानांवर तांबूस आणि दाढी येणाऱ्या भागावर निळसर राखाडी, असे तीन पट्टे चित्रकार पूर्वापार पाळत आले आहेत. नखाएवढ्या चेहऱ्यावरही ते कामी येतात.

डोळे ही वेगळी विद्या आहे, हे आपल्या मूर्तिकारांना शिकवावे लागत नाही. गणपतीच्या कारखान्यात अंगाचा रंग फवाऱ्याने झरझर उडतो, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते आणि ती सगळ्यांत सरावलेल्या माणसाकडे जाते. लालबागच्या राजाची मूर्ती कांबळी कुटुंब १९३५ पासून घडवत आले आहे, आणि गर्दीतला माणूस आधी शोधतो तो त्या मूर्तीचा चेहरा. विदर्भात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. त्यांचे अमरावतीत घडणारे मुखवटे डोळ्यांच्या आखणीवरच पसंत केले जातात. देवाची नजर भक्ताला भेटावी लागते, शिपायाची शत्रूकडे असते. हात मात्र त्याच शिस्तीचा लागतो: श्वास रोखून, मनगट टेकवून, एका ओढीत.

महाराजांची मूर्ती रंगवताना आणखी एक प्रश्न येतो, चेहरा कुणासारखा? एके काळी भलत्याच माणसाचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास डच साधनांतले अस्सल चित्र पुढे आणून तो घोळ मिटवला. समकालीन चित्रांतून ठळक दिसते ते धारदार नाक आणि टोकदार दाढी. बाहुलीवर तेवढे साधले तरी पुरे, कारण इतक्या लहान आकारात माणूस ओळखू येतो तो बाह्यरेषेवरून.

साहित्याचे फार अवडंबर नको. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅमलिनचे ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या स्टेशनरीतही मिळतात. ते दाट असतात, म्हणून पाणी घालून पातळ दोन हात द्यावेत. एका जाड हाताखाली ओठच बुजतात. बुलढाण्याच्या एप्रिलमध्ये हा रंग ताटलीत बघता बघता वाळतो. त्यावर उपाय म्हणजे डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. ब्रश शून्य नंबरचा चालतो, फक्त टोक शाबूत हवे. मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी कौतुकाने पुढे केले तर घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. कृत्रिम केसांचा चांगला ब्रश हे काम नीट करतो.

येत्या दिवाळीत मुलांना रंगवलेले मावळे आणून देऊ नका. कुंभाराकडे सांगून ठेवले तर कोरे मिळतात. पहिल्या चार-सहा मावळ्यांचे डोळे रंगवूच नका, भुवयांखाली नुसती गडद सावली द्या. किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून बघणाऱ्याला तेवढ्यात चेहरा दिसतो. बुबुळे नंतर, हात बसल्यावर, आणि तीही आधी सिंहासनावरच्या महाराजांची नव्हे, मागच्या तटावरच्या पहारेकऱ्याची.