पाणी, धातू आणि धारवाडची प्रयोगशाळा

धारवाड म्हटले की गोमंतकीयांना प्रथम पेढा आठवतो, मग मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांचे स्वर, आणि अलीकडे, दुर्दैवाने, म्हादईचा तंटा. त्याच हुबळी-धारवाडात पाण्याचे विघटन करून इंधन मिळविण्याच्या विद्येशी निगडित संशोधन चालते, याची आपल्याकडे फारशी कुणाला वार्ता नाही. कर्नाटक विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले रसायनज्ञ तेजराज अमिनभावी पुढे हुबळीच्या केएलई तंत्रशास्त्र विद्यापीठात आले. तेथे ऊर्जा आणि विद्युत्-रसायन या शाखांकडे विशेष लक्ष दिले जाते. 2016 साली धारवाडला आयआयटीही स्थापन झाली.

ही विद्या देशाला नवी नव्हे. भाक्रा धरणाच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात पाण्याच्या विद्युत्-विच्छेदनाने हायड्रोजन मिळविला जात असे, आणि त्याच आधारावर 1962 साली देशातील पहिला जड पाण्याचा कारखाना तेथे सुरू झाला. पुढे खनिज तेल व वायू यांपासून हायड्रोजन स्वस्तात मिळू लागला आणि ती वाट ओस पडली. आता सूर्य व वारा यांपासून वीज स्वस्त झाल्याने पावले पुन्हा तिकडे वळली आहेत. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांची हरित हायड्रोजन योजना मंजूर केली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादन हे तिचे लक्ष्य आहे.

म्हादईमुळे पोळलेला वाचक साहजिकच विचारील की, एवढे पाणी आणणार कोठून? हिशेब करून पाहावा. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या नियमाने नऊ किलो पाणी लागते. संपूर्ण देशाच्या 50 लाख टनांना साडेचार कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे 1.6 टीएमसी पाणी पुरते. 2018 च्या लवादाने एकट्या कळसा नाल्यातून कर्नाटकाला 1.72 टीएमसी पाणी दिले, आणि त्या निवाड्याविरुद्ध गोव्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शुद्धीकरण व शीतकरण यांसाठी पाणी अधिक लागते हे खरे, आणि कोरड्या तालुक्यात तेवढेही जड जाईल. तथापि देशाचा विचार केला तर खरी अडचण पाण्याची नाही. ती धातूची आहे.

पाणी फोडण्यास तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरावेत, पण प्रत्यक्षात 1.8 च्या आसपास द्यावे लागतात. मधली वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि तिचा मोठा भाग ऑक्सिजन सुटतो त्या अग्रावर खर्ची पडतो. पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढल्यावाचून ऑक्सिजनचा एक रेणू सुटत नाही, आणि ही चार पायऱ्यांची चढण सुकर करणे हेच विद्युत्-उत्प्रेरकाचे काम. आम्लयुक्त घटात टिकाव धरणारा उत्प्रेरक म्हणजे इरिडियम. प्लॅटिनमच्या खाणीत अनुषंगाने मिळणाऱ्या या धातूचे साऱ्या जगाचे वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या घरात, आणि त्यातील बहुतांश दक्षिण आफ्रिकेतले. अशा धातूवर देशाची ऊर्जा उभी करणे म्हणजे तेलाचे परावलंबन टाकून दुसरे पत्करणे होय.

अल्कलीयुक्त घटात मात्र निकेल चालते. निकेलमध्ये थोडे लोह मिसळले तर ऑक्सिजन सुटण्याचा वेग पुष्कळ वाढतो, हे डेनिस कॉरिगन या शास्त्रज्ञाने 1987 साली दाखविले. ज्या गोव्याने अनेक दशके जहाजे भरभरून लोहखनिज जपान-चीनला धाडले, त्याला यातील गंमत वेगळी सांगायला नको.

निकेल, कोबाल्ट, लोह यांच्या नवनव्या मिश्रणांवर आपल्या विद्यापीठांतून निबंधांचा अक्षरशः पाऊस पडतो. त्याचे आम्हांला कौतुक आहे, पण भाबडे नाही. प्रयोगशाळेत बहुधा एक चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यावर दहा मिलीअँपियर प्रवाह एखादा दिवस चालवून यश जाहीर होते. कारखान्यात त्याच्या वीस-तीसपट प्रवाह हजारो तास अखंड सोसावा लागतो. सूर्य मावळला की प्रवाह खंडित होतो, सकाळी पुन्हा सुरू होतो, आणि या चढ-उतारांतच अग्र झिजते. एवढी दीर्घ परीक्षा घेण्यास लागणारा पैसा व धीर संशोधक विद्यार्थ्याच्या तीन-चार वर्षांच्या शिष्यवृत्तीत बसत नाही.

याचे गोव्याला काय? मुरगावला उतरणारा कोळसा कुळ्याचा घाट चढून, हुबळीवरून, बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. वास्कोच्या घराघरांत बसणारी काळी धूळ त्याच कोळशाची. लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे जे काम कोळसा करतो ते हायड्रोजनही करू शकतो. टनभर पोलादाला साधारण 50 ते 55 किलो हायड्रोजन लागतो. परंतु एक किलो हायड्रोजनसाठी आजच्या यंत्रांना 50 युनिटांहून अधिक वीज खावी लागते, म्हणजे टनामागे अडीच हजार युनिटांच्या वर. उत्प्रेरकाने यातील दहावा हिस्सा जरी वाचविला, तरी त्या कारखान्यांचे गणित बदलू लागेल.

म्हणून आमची सूचना अशी की, हरित हायड्रोजनच्या निधीतून धारवाड येथे एक सामाईक परीक्षाकेंद्र उभारावे. कोणत्याही विद्यापीठाचे, गोवा विद्यापीठाचेही, अग्र तेथे सलग वर्षभर चालवून पाहावे, आणि जी अग्रे टिकली नाहीत त्यांचेही निकाल छापावेत.