मनी प्लँट
(पोथॉस, लॅ. एपिप्रेम्नम ऑरियम, कुल–ॲरेसी, सुरण कुल). ही सदाहरित वेल मूळची पॅसिफिक महासागरातील मोओरेआ बेटावरील असून शोभेकरिता घरात लावतात. तिला भरपूर पण अप्रत्यक्ष प्रकाश मानवतो. अंधाऱ्या जागी पानांवरील पिवळी छटा कमी होते. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे, अन्यथा मुळे कुजतात. सातपुड्यातील तोरणमाळसारख्या सु. १,१५० मी. उंचीच्या ठिकाणी हिवाळ्यात पाणी कमी करावे व कुंडी रात्री खिडकीपासून दूर ठेवावी, सु. १०° से. खालील तापमानात पानांना इजा पोहोचते. लोंबते शेंडे छाटल्यास नवे फुटवे येतात. पेऱ्यासह काढलेल्या छाटास पाण्यातही मुळे फुटतात. सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असल्याने पान चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. म्हणून लोंबत्या फांद्या लहान मुले व पाळीव जनावरे यांच्या आवाक्याबाहेर ठेवणे आवश्यक असते.