इंजिनाची टकटक

कामगार संघटनेच्या माणसाने या व्यासपीठावर यावे आणि पगार, बोनस, संप हे नेहमीचे विषय सोडून मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गॅरेजात फार झाले. गॅरेजातील कामगारांची संघटना बांधावयास गेलो, तेव्हा त्यांचे काम कळल्यावाचून त्यांचे गाऱ्हाणे कळणार नाही, हे पहिल्याच महिन्यात उमगले. आज सांगतो ते त्या शाळेतले आहे.

विषय तसा साधा. जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी चालू केली की पुष्कळदा बॉनेटखालून टक्-टक् असा बारीक आवाज येऊ लागतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी कित्येक वर्षे मुंबईची टॅक्सी होती. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण हौसेने जपलेल्या खासगी गाड्या अजून आहेत, आणि त्यांचे मालक या टकटकीने हैराण होतात. ती कशी ओळखावी?

प्रथम इंजिनाच्या आत काय चालते ते पाहू. हे १०८९ सी.सी.चे इंजिन, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. खाली क्रँक फिरतो आणि त्याच्या निम्म्या वेगाने कॅमशाफ्ट फिरतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट दांडीला ढकलतो, दांडी रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघडतो. आता रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्या लांबण्याला जागा हवी. ही फट झिजेने वाढली, की रॉकर प्रत्येक वेळी व्हॉल्व्हवर आपटतो. तीच टकटक.

यावरून एक हिशेब निघतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी सावकाश चालले असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो. म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. अशी हलकी, भरभर टकटक वरच्या भागातली समजावी. खालून येणारा जड, खोल ठोका निराळा. तो बेअरिंगचा असेल, तर गाडी तिथेच थांबवलेली बरी.

परंतु टकटक ऐकली की टॅपेटच दोषी, असे समजणाऱ्यांची गत आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी होते. म्हणून चौकशी क्रमाने करावी. आधी ऑइलची काडी काढून पातळी पाहावी. ऑइल कमी असेल तर वरच्या भागाला ते पुरत नाही, आणि बाकीची सारी चौकशी व्यर्थ जाते. मग थंड इंजिन चालू करून ऐकावे. एक्झॉस्टची गॅसकेट फुटली असेल, तर बाहेर निसटणारा धूर हुबेहूब टॅपेटसारखा टकटकतो. पण ही टकटक थंडपणी व चढावर जोराची असते, इंजिन तापून धातू फुगला की पुष्कळदा कमी होते, आणि सांध्यापाशी काजळीचा डाग दिसतो. प्लग सैल असला तरी असाच फुसकारा येतो. प्लगच्या वायरीचे आवरण तडकले असेल, तर ठिणगी बाहेर उडून टिकटिकते. रात्री अंधारात बॉनेट उघडले की ती डोळ्यांनी दिसते. कॅमशाफ्टवर चालणारा पेट्रोलचा पंपदेखील टकटकतो.

आवाजाची जागा शोधण्यासाठी मिस्त्रीलोक लांब स्क्रूड्रायव्हर घेतात. मुंबईच्या गॅरेजात त्याला डिसमिस म्हणतात. आम्हा संघटनेच्या माणसांना हा शब्द कानाला फारसा गोड लागत नाही, पण हत्यार उत्तम. त्याचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवावी. पंखा व पट्टा यांपासून हात, कपडे आणि केस दूर ठेवावेत. आवाज जिथे सर्वांत स्पष्ट, तिथे दोष.

तो वरच्या झाकणाखाली निघाला, की झाकण काढून, इंजिन सावकाश चालू ठेवून, फिलर गेजची पातळ पट्टी एकेका फटीत सरकवावी. जिथे पट्टी जाताच टकटक थांबते, तो टॅपेट दोषी. मग इंजिन बंद करून पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे फट जुळवावी. माप बरोबर असूनही आवाज राहिला, तर रॉकरचे टोक पाहावे. तिथे झिजून खळगा पडला असेल, तर सपाट पट्टी खळग्यावर पुलासारखी आडवी राहते आणि खोटे माप दाखवते.

इथवर केवळ कारागिरी झाली. आता एक हकिकत सांगतो. १९९६ च्या सुमाराची. मुंबईतील एका गॅरेजात टॅक्सीवाला आला. मालक काम करणाऱ्या पोराला म्हणाला, “आवाज बंद करून दे, गिऱ्हाईक तक्रार करता कामा नये.” पोराने टॅपेट इतके घट्ट केले की फट उरलीच नाही. गाडी गप्प झाली. टॅक्सीवाला खूष, मालक खूष. दीड महिन्याने तीच गाडी दुसऱ्या टॅक्सीला दोर बांधून ओढत आणावी लागली.

हेड खोलले तेव्हा आम्ही तिथे होतो. म्हाताऱ्या मिस्त्रीने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आमच्या हातावर ठेवला. त्याची कड उंदराने कुरतडावी तशी जळून गेली होती. तो म्हणाला, “साहेब, व्हॉल्व्ह बसतो तेव्हा बैठकीला टेकून थंड होतो. फट नसली की तो पुरता बसत नाही, आगीत उभा राहतो. आवाज करणारा टॅपेट बरा. तो निदान सांगतो. हा मुका होता.”

खर्च पोराच्या पगारातून कापण्याचे ठरले होते. आम्ही भांडलो, पण खरे बोलला तो टॅक्सीवाला. त्याचे आठवड्याचे भाडे बुडाले होते, घरी मुलांच्या शाळेची फी थकली होती, तरी तो म्हणाला, “आवाज बंद करा असे मीच सांगितले होते. पोराने का ऐकू नये?” कपात रद्द झाली. टॅक्सीवाल्याचे बुडालेले भाडे मात्र कोणी भरून दिले नाही; ते आम्हाला आजही खटकते. पुढे तो पोर त्याच मिस्त्रीच्या हाताखाली ऐकावयास शिकला.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकांना आमची विनंती अशी की, आवाज दडपण्यासाठी जाड ऑइल ओतू नये, आणि मिस्त्रीला ‘आवाज बंद कर’ असे सांगू नये. ‘आवाज कशाचा आहे ते सांग’ असे म्हणावे, आणि तो ऐकण्यात अर्धा तास घालवील त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यावेत. हातात पाना नसतानाही तो कामच करीत असतो.