तुमच्या गावचा इतिहास कपाटात पडून आहे!

वाचकहो, तुमच्या गावच्या मारुतीच्या पाराशी नाहीतर जुन्या शिवालयापाशी एखादा नक्षीचा दगड तिरका पडलेला आहे का, पाहा. कोणी त्याला शेंदूर फासतो, कोणी त्यावर धुणे आपटतो, आणि देवळाचे काम निघाले की तोच दगड पायरीत जातो. तो वीरगळ असेल तर खालून वर वाचायचा. तळाला लढाई, पुष्कळदा ती पळवलेली गुरे सोडवण्याची असते. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचे नाव राहील. गुरांसाठी मेलेला हा माणूस तुमच्याच शिवारातला!

असले काही उलगडून सांगणारी पुस्तके मराठीत आहेत. पण आपण वाचनालयात गेलोच तर कादंबरी उचलतो. इतिहास म्हणजे राजे आणि सनावळ्या, हा शाळेतला धाक अजून जात नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ घ्या. १९१५ साली निघालेले पुस्तक. आत्रे महसूल खात्यातले. पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, कुणबी यांचा सारा व्यवहार त्यांनी लिहून ठेवला आहे. भटक्या लोकांविषयी त्यांनी फार कठोर लिहिले आहे. ते मानू नका. बाकीचे मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. बलुत्याच्या पेंढ्या आठवणारे अजून कोणी असेल, तर पुस्तकात नाही तेही ऐकायला मिळेल.

पंढरीला जाणाऱ्यांनी रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ पाहावे. १९८४ चे हे पुस्तक. त्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपला विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव, असे ढेरे पुराव्यानिशी मांडतात. पटो न पटो, वाचण्यासारखे आहे. ग्रंथ जाडजूड आहे, तेव्हा सलग वाचण्याचा हट्ट नको. सुगी उरकल्यावर एकेक प्रकरण घ्यावे.

आणि बायकांनो, सरोजिनी बाबर यांनी जमवलेली लोकगीतांची पुस्तके तुमच्यासाठी. जात्यावरची गाणी छापून आली ती अशाच सासवा-आज्यांकडून. तुमच्या सासूबाईंची एखादी ओवी त्यात सापडली नाही, तर आजच मुलीच्या वहीत उतरवून घ्या. जाते माळ्यावर गेले, आता गाणारी माणसेही थोडी उरली.

ही पुस्तके मिळायची कोठे? गावच्या वाचनालयात विचारा. ‘असली पुस्तके कोणी नेत नाही,’ असे उत्तर येईल. कोणी मागत नाही म्हणून आणत नाहीत, आणि आणत नाहीत म्हणून कोणाला ठाऊक नाहीत! सरकारमान्य वाचनालयाला अनुदान मिळते, त्यातून ग्रंथखरेदी होते. चार घरांनी मिळून पुस्तकाचे व लेखकाचे नाव कागदावर लिहून द्या. तोवर तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करा. पाचगणीकडे जाणे झाले, तर जवळच भिलार आहे. २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे घराघरांत विषयवार पुस्तके मांडली आहेत. बसून वाचायला पैसे पडत नाहीत.