जहाजाच्या पोटातलं पाणी

माल उतरवून रिकामं झालेलं जहाज तसंच समुद्रात नेता येत नाही. ते वर उचललं जातं, पंखा पाण्याबाहेर येऊ लागतो, लाटांत तोल राहत नाही. पूर्वी गलबतांत त्यासाठी दगड भरत. लोखंडी जहाजं आली आणि दगडांऐवजी समुद्राचंच पाणी टाक्यांत घेऊ लागले. हे बॅलास्टचं पाणी. मोठी तेलवाहू जहाजं असं हजारो टन पाणी एका किनाऱ्यावर घेतात आणि दुसऱ्या किनाऱ्यावर, माल भरताना, सोडून देतात. त्यासोबत शिंपल्या-खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लंही उतरतात.

२००४ साली याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. तो लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडला. सोडलेल्या घनमीटरभर पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमीच असायला हवेत. म्हणून पाणी आधी गाळायचं, मग अतिनील दिव्यांखालून न्यायचं किंवा विजेने त्यातल्याच मिठापासून क्लोरीन तयार करून जीव मारायचे. पण गढूळ पाण्यात अतिनील किरण आतवर पोचत नाहीत, आणि नदीमुखाच्या गोडसर पाण्यात क्लोरीन पुरेसा बनत नाही. मुंबई बंदराचं गाळाने भरलेलं पाणी पाहिलेल्याला ही अडचण वेगळी सांगायला नको.

चर्चा या यंत्रांचीच होते. मला त्याहून मोलाचं वाटतं ते टाकीचं आरेखन. टाकी आतून गुळगुळीत नसते. तिला पोलादी फासळ्या असतात. त्यांच्या आडोशाला गाळ बसतो आणि त्या गाळात शेवाळाचे सुप्त कोश दीर्घकाळ तग धरतात. म्हणून आरेखकाने आडवे सपाट पृष्ठभाग टाळायचे, फासळ्यांना भोकं ठेवायची, गाळ उपशाच्या नळाकडे वाहत जाईल असा उतार द्यायचा, माणसाला आत उतरून साफ करता येईल एवढी वाट ठेवायची. कागदावर ही चार रेघांची कामं आहेत. जहाज बांधून झाल्यावर त्यांतलं एकेक काम जिकिरीचं होतं.

बॅलास्टच्या पाण्याच्या प्रश्नावरच्या जागतिक प्रकल्पासाठी निवडलेल्या सहा ठिकाणांत मुंबई होती; इथल्या पाण्याची जैविक पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. मुंबईला हा प्रश्न नवा नव्हता. पलीकडच्या अटलांटिकचा काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला १९७० च्या दशकापर्यंतच मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत नोंदला गेला होता. जहाजाच्या तळाला चिकटून किंवा पोटातल्या पाण्यातून, अशा जीवांच्या मुख्य वाटा या दोन. हाच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला सापडला, तेव्हा तिथे होड्यांच्या गोद्यांचे दरवाजे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. शिंपला संपला. त्या पाण्यातलं बाकीचं जीवनही त्याच्यासोबत गेलं.