घरटे पाहा, पण रात्र झोपेला द्या

२०२५ च्या मार्चमध्ये बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. जुने पेशंट. रक्तदाबाची गोळी न चुकता घेणारे, लोणचे-पापड सोडलेले, सकाळी फिरायला जाणारे. एरवी त्यांचा दाब १३० - ८० च्या आसपास असे. त्या दिवशी तो १६४ - ९६ भरला. डोळे लाल, घोट्यांवर थोडी सूज. 'झोप कशी आहे?' असे विचारताच ते ओशाळले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रात्रभर गरुड पाहतो."

मला वाटले, यांना भास होऊ लागले की काय! पण त्यांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बिग बेअर नावाचे डोंगरातले सरोवर आहे. तेथे पाइनच्या एका उंच झाडावर, जमिनीपासून सुमारे १४५ फुटांवर, पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचे घरटे आहे. 'फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली' या संस्थेने तेथे कॅमेरे लावले असून घरट्यातले दृश्य चोवीस तास जगभर दिसते. मादीचे नाव जॅकी, नराचे शॅडो. २०२४ मध्ये जॅकीने तीन अंडी घातली, हिमवादळात ती अडीच दिवस जागची न हलता अंड्यांवर बसून राहिली. पण एकही अंडे फुटले नाही. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा तीन अंडी झाली आणि मार्चच्या सुरुवातीला तिन्ही फुटली. नर मासा आणतो, मादी चोचीने बारीक तुकडे करून पिलांना भरवते, पाऊस आला की दोघे पंख पसरतात. मीही पेशंट खोळंबलेले असताना पाच मिनिटे पाहत बसलो, हे कबूल करतो.

अडचण घड्याळाची होती. मार्चमध्ये तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात. त्यानंतर तेथील सकाळचे सात म्हणजे आपल्या नागपूरचे संध्याकाळचे साडेसात. तिकडे दिवस मावळतो तेव्हा आपल्याकडे सकाळी तर्री-पोह्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. म्हणजे गरुडांचा सगळा दिवस ही आपली सगळी रात्र!

झोपेत निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ही रोजची विश्रांती आहे. जागरणाने ती बुडते. डोळ्यांवर प्रकाश पडत राहिला की झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य मेंदूत कमी तयार होते. मग मोबाइल ठेवला तरी झोप येत नाही. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मधुमेह्याची साखर जागरणाने वाढते, आणि जागरणाबरोबर चिवड्याचा डबा येतोच. म्हातारपणी झोप लागत नाही म्हणून ती कमी पुरते, हा गैरसमज आहे. झोप तुटक होते, गरज फारशी घटत नाही. पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसल्याने घोटे सुजतात. अ‍ॅमलोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनेही सुजतात, आणि हृदय किंवा मूत्रपिंड बिघडल्यासही. तेव्हा सूज आली तर कारण घरी ठरवू नये.

हे सर्व समजावून मी फर्मावले, "आजपासून गरुड बंद." इथे मी चुकलो.

आठवड्याने ते परत आले. दाब १५८ - ९४. गरुड बंद होता, पण झोप नव्हती. धुळवडीच्या संध्याकाळी, १४ मार्चला, मुलाचा कॅलिफोर्नियातून फोन आला : रात्री बर्फाचे वादळ झाले, सकाळी घरट्यात दोनच पिले दिसली. "मी पाहत नव्हतो, तेव्हाच गेलं बिचारं," ते म्हणाले, आणि या वयाचा माणूस माझ्यासमोर रडला. मग हळूहळू उलगडा झाला. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मुलाशी फोनवर बोलणे 'जेवलात का, गोळी घेतली का' इथेच संपायचे. घरट्याचा पत्ता मुलानेच पाठवला. तेव्हापासून दोघे एकाच वेळी पाहायचे, अर्धा अर्धा तास बोलायचे. मी औषध समजून जे थांबवले, तेच त्यांचे औषध होते. एकटेपणही प्रकृती पोखरते, हे पुस्तकात वाचलेले मी विसरलो होतो.

मग कागदावर वेळापत्रकच लिहून दिले. संध्याकाळी साडेसात ते नऊ गरुड पाहायचा. त्या वेळी तिकडे सकाळ असते, पिलांना भरवणेही पाहायला मिळते. मुलाचा फोन याच वेळात. खोलीत दिवा लावलेला, पाय स्टुलावर, पंधरा-वीस मिनिटांनी उठून फेरी. नवानंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत. रात्रीत जे घडेल ते सकाळी मागे नेऊन पाहता येते. झोपेची गोळी मागितली होती, ती दिली नाही. पंधरा दिवसांनी दाब १३८ - ८४ झाला. उरलेल्या दोन पिलांची नावे तेथील शाळकरी मुलांनी सनी आणि गिझमो अशी ठेवली; दोघे जूनमध्ये उडाले. ती बातमी मला दवाखान्यात पेढ्यासकट मिळाली.

एप्रिलमध्ये त्यांना कॉलनीतल्या कडुनिंबावर घारीचे घरटे सापडले होते. आपल्याकडे घारी हिवाळा-उन्हाळ्यातच पिले वाढवतात. सकाळी साडेसहाला गच्चीवरून पाहून ते त्याचा फोटो मुलाला पाठवू लागले. फक्त घरट्याखाली घुटमळू नये. पिले असताना घार डोक्यावर झडप घालते. नख लागलेच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पाच-दहा मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना दाखवावे. पक्ष्याच्या नखाने रेबीज होत नाही, त्याची धास्ती नको. संक्रांतीच्या मांजात अडकलेली घार दिसली तर ओढाताण न करता सेमिनरी हिल्सवरील वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवावे.