अंपायर: दोघांतला तिसरा

पहूर असो की जळगाव, गल्लीत क्रिकेट रंगलं की अंपायर बहुधा बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो. म्हणून तिथे एलबीडब्ल्यू नसतोच, आणि रनआउटवर हमखास भांडण जुंपतं. निकाल देणारा कुणाचाच नसेल तरच तो पटतो, हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

‘अंपायर’ या शब्दाच्या पोटात हीच अट आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘नॉनपेर’ म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. भांडणारे दोघे आणि निवाड्याला बोलावलेला तिसरा. इंग्रजीत त्याचा ‘नूम्पेर’ झाला. बोलताना त्याचा ‘न’ आधीच्या ‘अ’ला चिकटला, ‘अन ऊम्पेर’ ऐकू येऊ लागलं आणि आरंभीचा ‘न’ कायमचा गळाला. आपल्या नारिंगीचा ‘न’ही युरोपात असाच हरवला आणि ‘ऑरेंज’ उरलं.

शब्द आधी तंट्याबखेड्यातला. क्रिकेटच्या 1744 च्या नियमांत अंपायरची कामं लिहिलेली सापडतात. भारतात 1940 च्या लवाद कायद्यातही अंपायर होता: दोन लवादांचं एकमत झालं नाही, तर निर्णय त्याच्याकडे जाई. 1996 च्या कायद्याने तर लवादांची संख्या समच नको, असं स्पष्ट सांगितलं. आपले ‘पंच’ही मोजायला गेलं तर पाच, म्हणजे विषमच.

मैदानावर मात्र हा कुणाचाच नसलेला तिसरा माणूस फार उशिरा आला. कसोटीत यजमान देशाचेच अंपायर उभे राहत आणि पाहुण्या संघाच्या मनात संशय राही. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये पाकिस्तान–वेस्ट इंडीज मालिकेत कर्णधार इम्रान खानच्या आग्रहाने लाहोर कसोटीला दोन भारतीय अंपायर बोलावले गेले: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. चौकार देताना अख्खं अंग झोकून हात फिरवणारे रिपोर्टर प्रेक्षकांचे लाडके होते.

तटस्थ अंपायर मागणाऱ्या पाकिस्तानचा दुसरा डाव त्या सामन्यात 77 धावांत आटोपला. वेस्ट इंडीज एक डाव आणि 10 धावांनी जिंकलं. तरीही पुढच्या कराची कसोटीला हेच दोघे उभे राहिले. हरूनही व्यवस्था न मोडणं, हे त्या मालिकेचं मोठं देणं.

1994 पासून कसोटीत एक अंपायर तटस्थ देशाचा असू लागला, 2002 पासून दोन्ही. 2020 मध्ये कोरोनामुळे प्रवास थांबला आणि यजमान देशाचे अंपायर पुन्हा उभे राहिले, तेव्हा आयसीसीने दोन्ही संघांना प्रत्येक डावात एक जादा रिव्ह्यू दिला.